आमच्या घरातला 'तुम्ही'

माझ्या भाचीनं, म्हणजे धाकट्या भावाच्या मुलीनं, तिच्या लेकीला शाळेतून काढून घरी बसवलंय. पोरगी व्हिडिओवरचे धडे बघून शिकते. परवा भाचीचा फोन आला. "आत्या, ती धडे बघत असते तेव्हा मी तिच्याजवळ किती वेळ बसावं गं? सगळे म्हणतात, पालकांचा सहभाग पाहिजे." तिनं मलाच का विचारलं ते मला ठाऊक आहे. आमच्या घराण्यात घरी बसून व्हिडिओवर शिकलेली पहिली मुलगी मी. विचार करून सांगते असं म्हणून मी फोन ठेवला. 'सहभाग' हा शब्द कानावर पडला की आजही माझं डोकं फिरतं, आणि फिरलेल्या डोक्यानं मी भाचीशी बोलू इच्छित नव्हते.

माझे वडील, अण्णा, येलदरीच्या धरणावर वीजघरात पाळीनं कामाला होते. आम्ही तिथल्याच वसाहतीत, एका क्वार्टरमध्ये राहायचो. आजूबाजूच्या गावांत दिवस मावळला की कंदील लागायचे आणि आमच्याकडे मात्र सगळे दिवे लखलखत असायचे. वसाहतीत शाळा होती ती चौथीपर्यंतच. पुढं शिकायचं तर एसटीनं जिंतूरला जावं लागायचं. बरोबरीची सगळी पोरं जायची. मी चौथी पास झाले, वर्गात पहिली आले, आणि अण्णांनी जाहीर केलं की ही आता घरीच शिकणार.

कारण विचाराल तर माझा डावा पाय. लहानपणी पोलिओ झालेला, त्यामुळं तो बारीक राहिला होता. मी लंगडत चालायचे, पण चालायचे. मैत्रिणींबरोबर धरणाच्या भिंतीवर जाऊन यायचे, माशांच्या जाळ्यांपर्यंत उतरायचे, विहिरीवरून कळशी आणायचे. कळशी आणताना माझा पाय कुणाला आठवत नव्हता. एसटीचं नाव निघालं की आठवायचा.

दुसरं कारण नामांतर. विद्यापीठाचं नाव बदलायचं की नाही यावरून मराठवाड्यात वर्षानुवर्षं धुमसत होतं. मोर्चे निघायचे, बंद व्हायचे, मध्येच एसटी रस्त्यात थांबायची. "बंद झाला आन् गाडी अडकली, तर हे लंगडं लेकरू कुटं राहंल?" अण्णा म्हणायचे. या सगळ्यात घरं जळाली ती गावाबाहेरच्या वस्तीतल्या लोकांची. आमच्या क्वार्टरचं कौलसुद्धा हललं नाही. पण भीती मात्र आमच्या वडिलांना. आणि ती भीतीही अशी शहाणी, की पुढं माझा धाकटा भाऊ पाचवीत गेला आणि त्याच एसटीनं, त्याच बंदच्या दिवसांत जिंतूरला जायला लागला, तेव्हा ती कुठल्या कुठं पळाली.

सुरुवातीला अण्णांनी पुस्तकं आणून दिली आणि ते स्वतः शिकवू लागले. त्यात त्यांचं मन लागेना. मग मामा मदतीला आले. मामांचं परभणीत व्हिडिओचं दुकान होतं. सिनेमाच्या कॅसेटी भाड्यानं द्यायचे, मागच्या खोलीत बाकडी टाकून खेळही लावायचे. त्यांच्याकडं पुण्याहून कुणीतरी शाळेच्या धड्यांच्या कॅसेटींचा संच पाठवला होता, पाचवी ते सातवी, गणित, विज्ञान आणि भूगोल. मारामाऱ्या सोडून अपूर्णांकांची कॅसेट कोण नेणार? संच धूळ खात पडला होता. मामांनी तो उचलला, बरोबर एक जुना व्हीसीआर घेतला, आणि दिवाळीला दोन्ही आमच्या घरी आणून ठेवले. "भाचीला माझी ओवाळणी," म्हणाले. मी त्यांना ओवाळलंसुद्धा नव्हतं, आईनं ओवाळलं होतं. पण ते माझ्याकडं बघून म्हणाले, आणि मला त्या दिवशी फार मोठं झाल्यासारखं वाटलं.

ओवाळणी माझी होती, पण व्हीसीआर अण्णांच्या कपाटात गेला. कपाटाला कुलूप लागलं आणि किल्ली अण्णांच्या जानव्याला. म्हणजे माझी शाळा अण्णांच्या पाळीप्रमाणं भरणार हे ठरून गेलं. त्यांची सकाळपाळी असली की शाळा दुपारी, दुपारपाळी असली की सकाळी. ते झोपलेले असले की सुट्टी.

शाळा भरायची ती अशी. अण्णा आंघोळ करायचे, धुतलेला सदरा घालायचे, भांग पाडायचे. आई चुलीपुढून म्हणायची, "पुन्याची बाई यायलीय घरात, बनेनवर बसून कसं चालंल?" अण्णा हसायचे नाहीत. घरातल्या टीव्हीसमोर बरोबर मध्ये त्यांची लोखंडी खुर्ची. मी बाजूला सतरंजीवर. बाजूनं टीव्हीच्या काचेत खिडकीचा उजेड चमकायचा, म्हणून मला बाईंचा अर्धाच चेहरा दिसायचा. फळ्यावरचं तर मान वाकडी केल्याशिवाय दिसत नसे. एकदा मी सतरंजी सरकवून समोर आणली. अण्णा म्हणाले, "मधी मधी नको करू, मला दिसत न्हाई."

धड्यातल्या बाई गोड होत्या. सुती साडी, कानात मोत्याच्या कुड्या, आवाज स्वच्छ. एखादी गोष्ट शिकवून झाली की त्या थोड्या पुढं वाकायच्या आणि म्हणायच्या, "आता तुम्ही सांगा." मग पडद्यावर एक फूल गोल गोल फिरायचं आणि जलतरंग वाजायचं. जलतरंग थांबलं की बाई पुन्हा दिसायच्या आणि हसून म्हणायच्या, "शाब्बास!" त्यानंतर बरोबर उत्तर.

ते फूल माझ्यासाठी फिरत होतं. एवढी साधी गोष्ट, पण ती आमच्या घरात कुणाच्या लक्षात आली नाही. माझ्याही नाही. त्याचं कारण एक शब्द. आमच्या घरात 'तुम्ही' एकच होता आणि तो म्हणजे अण्णा. आई अण्णांना 'तुमी' म्हणायची, मी आणि भाऊ म्हणायचो, वसाहतीतले लोक म्हणायचे. आई सगळ्यांची 'तू', भाऊ 'तू', आणि मी तर 'तू'च्याही खालची, 'ए'. लेकराला कुणी 'तुम्ही' म्हणतं हे आम्ही ऐकलंही नव्हतं. म्हणून बाईंनी पहिल्या दिवशी पडद्यावरून "आता तुम्ही सांगा" म्हटलं, तेव्हा अण्णा खुर्चीत सावरून बसले. घरातल्या मोठ्या माणसाला मान देऊन विचारलेला प्रश्न तो. त्यांनी घसा साफ केला आणि उत्तर दिलं.

"शाब्बास!" बाई म्हणाल्या.

अण्णांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं. वीजघरात त्यांना रोज साहेबांची बोलणी खावी लागायची. शाब्बास म्हणणारं त्या माणसाच्या आयुष्यात बहुधा कुणी नव्हतंच. आज मला हे कळतं. कळतं म्हणून राग कमी होतो असं मात्र नाही. त्यांना शाब्बासकी पाहिजे होती तर ती त्यांनी स्वतःच्या वाटणीतून मिळवायची होती. माझ्या ताटातली का उचलली?

मग ते रोजचंच झालं. बाई शिकवायच्या, अण्णा वायरीच्या रिमोटनं त्यांना थांबवायचे. चित्र थरथरायला लागायचं, बाईंच्या तोंडावरून पांढऱ्या रेघा जायच्या. अण्णा तेच वाक्य आपल्या बोलीत मला सांगायचे आणि विचारायचे, "समजलं का?" मी म्हणायचे, "हाव." समजलं नसलं तरी हाव, कारण नाही म्हटलं की अण्णा अर्धा तास बोलायचे आणि बाई तशाच थरथरत उभ्या राहायच्या. मागचं पुन्हा दाखवा म्हणायची सोय नव्हती. "मागं फिरवलं की फीत झिजती," म्हणायचे. थांबवल्यानं झिजत नव्हती बहुतेक. पुढं प्रश्न आला की ते फूल, ते जलतरंग, आणि अण्णांचं उत्तर.

उत्तर चुकलं तरी बाई शाब्बासच म्हणायच्या. बिचाऱ्या काय करतील, त्या तर कॅसेटीत. एकदा त्यांनी विचारलं, वटवाघूळ पक्षी आहे की सस्तन प्राणी? "पक्षी," अण्णा ठणकावून म्हणाले. "शाब्बास! वटवाघूळ हा सस्तन प्राणी आहे." मला हसू फुटलं. मी तोंडात ओढणी कोंबली. अण्णा पडद्याकडं बघत म्हणाले, "कॅसेट जुनी हाय." पाण्यापासून वीज कशी होते हा धडा लागला त्या दिवशी तर बाईंना बोलूच दिलं नाही. ज्याच्या हातून रोज ती वीज व्हायची त्यानं बाईंकडून काय ऐकायचं? संध्याकाळपर्यंत ते बोलत होते. खरं सांगते, त्या दिवशी ते छान बोलले. पण धडा राहिला तो राहिलाच. पुढच्या वेळी पुढचा धडा लागला.

लोकांमध्ये अण्णांचं फार नाव झालं. "बाप आसावा तर आसा," शेजारणी आईला म्हणायच्या. "आमच्या घरचे पोराची यत्ता सांगू शकत न्हाईत, आन् तुझ्या घरचे लेकीजवळ बसून शिकवायलेत." वसाहतीतला कुणी जिंतूरला पोरांची चौकशी करायला जात नव्हता, आणि इथं हा माणूस दुपारची झोप मोडून अपूर्णांक करतोय. खोटं नव्हतं ते. झोप मोडत होते. म्हणूनच मला तक्रार करता येत नव्हती. मारणाऱ्या बापाची तक्रार करता येते. लेकीजवळ बसणाऱ्या बापाची कुणापुढं करणार? शेत राखायला घातलेलं कुंपण शेत खातंय हे बाहेरच्याला कसं दिसावं? त्याला हिरवंगार कुंपण तेवढं दिसतं.

सातवीचे धडे चालू असताना एकदा मध्येच वीजघरातून माणूस अण्णांना बोलवायला आला. काहीतरी बिघाड झाला होता. अण्णा रिमोट खुर्चीवर टाकून तसेच पळाले. टीव्ही चालूच राहिला. बाई त्रिकोणाचे कोन शिकवत होत्या. मी मान वाकडी करून बघत होते. खुर्ची मोकळी होती तरी तिच्यावर बसायचं माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

"आता तुम्ही सांगा," बाई म्हणाल्या. फूल फिरायला लागलं. जलतरंग वाजलं. उत्तर कुणी दिलं नाही. मी दाराकडं बघितलं. ते जलतरंग एवढं लांबलचक असतं हे मला त्या दिवशी कळलं. अण्णांच्या आवाजाखाली ते कधी ऐकूच आलं नव्हतं.

आई शेंगा फोडत दारात बसली होती. तिला गणित येत नव्हतं, येतं असं तिनं कधी म्हटलंही नाही. पण समोर माणूस थांबलेलं तिला बघवत नसे. ती म्हणाली, "बोल की तिला. बाई थांबलीय ना."

"अण्णांला इचारायलीय ती."

"अण्णा कुटं हायत? तू हायस ना इथं. तुलाच इचारत आसंल."

"मला कामून तुमी म्हणंल ती?"

आईनं पुढची शेंग फोडली. तोवर बाई येऊन शाब्बास म्हणून गेल्या. पण पुढच्या प्रश्नाला मी तोंड उघडलं. "साठ," म्हणाले. आवाज एवढा बारीक निघाला की आईला ऐकू गेला नसेल. "शाब्बास!" बाई म्हणाल्या, आणि उत्तर साठच होतं. मी पुढच्याला मोठ्यानं सांगितलं. त्याच्या पुढच्याला त्याहून मोठ्यानं. एक चुकलं, तरी बाई हसल्या. आई शेंगा फोडायची थांबली होती आणि माझ्याकडं बघत होती. शाळा म्हणतात ती ही, असं मला वाटलं. तीन वर्षांत माझी शाळा भरली ती तेवढीच, एका दुपारची.

आईनं ते जेवताना काढलं. तिचा स्वभाव भांडायचा नव्हता. भाकरी वाढता वाढता म्हणाली, "मी म्हन्ते, ती बाई पोरीला इचारत आसंल का वो? आज हिनं उत्तरं दिली. समदी बरोबर आली."

अण्णांनी घास खाली ठेवला. "पुन्याची शिकलेली बाई. ती लेकराला तुमी म्हणंल व्हय? काय बोलायलीस? खामखा कायतरी डोक्यात भरू नको तिच्या." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "आन् मी नसताना मिशीन चालू ठिवायचं न्हाई. समजलं का?"

"हाव," मी म्हणाले.

सातवीचा संच संपला. त्याच उन्हाळ्यात मामांनी परभणीत एका मुलींच्या शाळेत चौकशी केली. तिथल्या मुख्याध्यापिकांनी सांगितलं होतं की, मुलगी घेऊन या, मी तोंडी परीक्षा घेते, आठवीच्या लायकीची असेल तर आठवीत बसवते. राहायला मामांचं घर होतंच. मामी स्वतः म्हणाली होती, पाठवा तिला. ते दिवस मला आजही आठवतात. मला दुसरं काहीही नको होतं. दागिना नको, कपडा नको. वर्गात बाकावर बसायचं, आणि फळा समोरून बघायचा, मान सरळ ठेवून. आईनं जिंतूरच्या बाजारातून निळ्या रिबिनी आणल्या. कुठल्या शाळेच्या कुठल्या रंगाच्या असतात हे तिला माहीत नव्हतं. तिनं निळ्या आणल्या. मी त्या उशाखाली घेऊन झोपायचे.

अण्णांनी परीक्षेला हरकत घेतली नाही. उलट ते खुशीत होते. परीक्षा माझी म्हणजे त्यांचीच होती. एसटीत शेजारच्या माणसाला सांगत होते, "तीन वरसं सोता बसलोय जवळ. एक धडा ठिवला न्हाई."

शाळेच्या ऑफिसात पंखा होता, भिंतीवर भारताचा मोठा नकाशा होता. मुख्याध्यापिका पन्नाशीच्या, जाड चष्म्याच्या. मुलींना मान देऊन बोलायची त्यांची पद्धत होती. मामांनी हे आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, पण त्यांना तरी ते महत्त्वाचं का वाटावं? मामा बाहेर थांबले. समोर दोन खुर्च्या होत्या. एकीवर अण्णा, एकीवर मी. बाईंनी चष्मा वर केला, थोड्या पुढं वाकल्या आणि म्हणाल्या, "येलदरीहून आलात ना? मग सोपं विचारते. येलदरीचं धरण कुठल्या नदीवर आहे? तुम्ही सांगा."

"पूर्णा," अण्णा म्हणाले.

बाई हसल्या. "मी तुमच्या मुलीला विचारलं."

"हाव हाव," अण्णा म्हणाले.

"बरं, मग ही पूर्णा पुढं कुठल्या नदीला मिळते? सांगा तुम्ही."

"गोदावरीला," अण्णा म्हणाले.

बाईंनी घंटी वाजवून शिपायाला बोलावलं आणि अण्णांना बाहेरच्या बाकावर बसायला सांगितलं, अगदी अदबीनं. अण्णा गेले. दार लोटलं गेलं. बाई माझ्याकडं वळल्या. मी घाबरलेय असं वाटून त्यांनी आवाज आणखी मऊ केला. कॅसेटीतल्या बाईंइतका मऊ. "आता तुम्ही सांगा," त्या म्हणाल्या आणि त्यांनी एक सोपा हिशेब घातला. अर्ध्याचं अर्धं किती?

मला येत होतं. हे मी आज कुणालाही शपथेवर सांगेन. पाव हा शब्द माझ्या जिभेवर होता. पण त्यांनी 'तुम्ही' म्हटलं आणि मी थांबले. जलतरंग संपेपर्यंत थांबायची सवय होती ती. मध्ये कुणीतरी बोलेल, मग बाई शाब्बास म्हणतील, मग पुढचं येईल. मी बाजूच्या रिकाम्या खुर्चीकडं बघितलं. मग दाराकडं बघितलं. पंखा फिरत होता. त्या एका दुपारी उघडलेलं माझं तोंड तिथं उघडलं नाही. बाईंनी दुसरा प्रश्न विचारला, तिसरा विचारला. प्रत्येक वेळी 'तुम्ही'. त्यांनी एकदा जरी "सांग गं" म्हटलं असतं, तर मी बोलले असते असं मला वाटतं. पण मान देण्यात त्यांची चूक ती काय?

त्यांनी अण्णांना आत बोलावलं. "मुलगी शांत आहे," म्हणाल्या. "मी तिला पाचवीत घेते. चुणूक दिसली तर वर्षाच्या आत वर चढवीन. ते माझ्याकडं लागलं. पण शाळेत पाठवा. तिला शाळेची फार गरज आहे."

पाचवीत चालेल, मला म्हणायचं होतं. पहिलीत बसवलं तरी चालेल. पण ते विचारलं होतं अण्णांना.

अण्णांचा चेहरा काळा पडला होता. "आटवीची पोरगी पाचवीत? माझ्या पोराच्या बरोबर? लोक काय म्हणतील?" ते उठले. त्यांनी बाईंना नमस्कार केला आणि माझ्या दंडाला धरून बाहेर आणलं. मामा फाटकापर्यंत समजावत आले, परभणीच्या स्टँडपर्यंत समजावत आले. अण्णा एसटीत चढले ते खिडकीतून बाहेरच बघत बसले. जिंतूर मागं पडल्यावर एकदाच बोलले. "एवढं सोपं इचारलं. मी सांगितलं की न्हाई फटाफट? तुला कामून आलं न्हाई?"

त्यानंतर अण्णा जगले तेवढी वर्षं एकच गोष्ट सांगत राहिले. "मी लय केलं हिच्यासाठी. रोज जवळ बसलो. पण लेकराला डोकंच न्हाई, त्याला कोण काय करणार?" पाहुण्यांना सांगायचे, माझ्यासमोर सांगायचे. मी पुढं वयानं मोठी झाल्यावर, त्यांच्याशी न बोलता, सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी झाले. मग बारावी झाले, परभणीत नोकरीला लागले. पेढे नेऊन ठेवले त्यांच्यापुढं, तर म्हणाले, "चला, माझी मेहनत वाया गेली न्हाई." आणि आजही ऑफिसात साहेब माझ्याकडं बघून "तुम्ही सांगा" म्हणाले की माझी मान आधी मागं वळते. मागं कुणी नसतं. सोबतच्या बायका हसतात, मीही हसते.

पण ते सगळं पुढचं. परभणीहून परतल्यावर त्या आठवड्यात काय झालं तेवढं सांगते, कारण भाचीला सांगायचं ते त्यात आलं.

व्हीसीआरचं झाकण सैल झालं होतं, कॅसेट आत धरत नव्हती. अण्णांनी इकडंतिकडं बघितलं आणि माझ्या उशाखालच्या रिबिनी काढल्या. एकीनं झाकण घट्ट बांधलं. छान निळी गाठ मारली. "आता पुन्हा पैल्यापासून," म्हणाले. "पाचवीपासून. या वक्ताला पक्कं करून घेऊ." आई चुलीपुढून उठून मागच्या दारी गेली.

अण्णा आंघोळ करून, सदरा घालून खुर्चीत बसले. मी सतरंजीवर बसले. पहिली कॅसेट, पहिला धडा, अपूर्णांक. बाई तशाच होत्या, तीच साडी, त्याच कुड्या. भाकरीचं चित्र आलं, तिचे तुकडे झाले. बाई पुढं वाकल्या. "अर्ध्याचं अर्धं म्हणजे किती? आता तुम्ही सांगा."

फूल फिरायच्या आत मी म्हणाले, "पाव." मोठ्यानं म्हणाले, खोलीभर ऐकू जाईल असं.

अण्णांनी रिमोट दाबला. बाई पांढऱ्या रेघांत थरथरत उभ्या राहिल्या. अण्णा माझ्याकडं वळले. चिडलेले नव्हते. लेकराला वळण लावताना माणूस बोलतो तसं शांतपणे म्हणाले, "मोठ्या माणसाच्या मधी बोलू न्हाई. तुला कुणी इचारलं?"

मग त्यांनी पुन्हा बटन दाबलं. जलतरंग वाजायला लागलं.

"पाव," अण्णा म्हणाले.

"शाब्बास!" बाई म्हणाल्या.